गढी, वाडा आणि देवडी : परभणी परिसरातील सरदारी निवासवाचक शब्दांची मीमांसा

१

मराठवाड्यातील सरदारी आणि वतनदारी निवासांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे ते बहुतांशी दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार स्थापत्यवर्णनाचा. त्यात बुरूज, चौक, खण, तुळया आणि कोरीव खांब यांची नोंद असते. दुसरा प्रकार स्मरणरंजनाचा. त्यात ‘वाडा संस्कृती’ हा शब्दप्रयोग प्रमुख असून गेलेल्या वैभवाविषयीची हळहळ हा त्याचा स्थायीभाव होय. दोन्ही प्रकारांना आपापले मूल्य आहे. परंतु निवास हे प्रतिष्ठेचे चिन्ह कसे बनले, ते कोणासाठी चिन्ह होते आणि ते कोणी वाचावयाचे होते, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. वास्तू पडली तरी तिला ज्या शब्दांनी ओळखले जाई ते शब्द टिकतात; आणि प्रतिष्ठा ही अखेरीस दुसऱ्याने मान्य करावयाची गोष्ट असल्यामुळे, इतरांच्या तोंडचे शब्द हा तिचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतो. म्हणून परभणी जिल्हा आणि त्याच्या आसपासचा गोदाकाठ येथील निवासवाचक शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे.

निवासाची नावे दर्जाप्रमाणे बदलतात हे केवळ आपल्याकडचे वैशिष्ट्य नव्हे. नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९६९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दरबारी समाजावरील आपल्या ग्रंथात राज्यक्रांतीपूर्व फ्रान्सचे उदाहरण घेतले आहे. तेथे सामान्य नागरिकाच्या घराला ‘मेझों’, उमरावाच्या घराला ‘ओतेल’ आणि राजा व राजपुत्र यांच्या निवासाला ‘पाले’ म्हणत. अठराव्या शतकातील फ्रेंच ज्ञानकोशाने हा भेद नियमासारखा नोंदविला आहे. एलियासचा निष्कर्ष असा की, घराची रचना ही समाजरचनेची खूण असते. हा निष्कर्ष मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. फ्रान्समध्ये एकच दरबार होता आणि सर्व शब्द त्याच्या दिशेने पाहत होते. परभणीच्या परिसरात प्रतिष्ठेची केंद्रे दोन होती, एक हैदराबादेस आणि दुसरे गावात; आणि या दोन केंद्रांनी दोन वेगळ्या निवासांना जन्म दिला.

२

प्रथम ‘वाडा’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटक’, म्हणजे कुंपण घातलेली जागा, यापासून तो प्राकृतातून मराठीत आला आहे. वैभव, उंची किंवा सौंदर्य यांपैकी काहीही त्याच्या मूळ अर्थात नाही. त्यात आहे ते फक्त वेढलेपण. म्हणूनच जनावरांच्या गोठ्यालाही वाडा म्हणतात, कुंभारांच्या वस्तीला कुंभारवाडा म्हणतात, आणि गावकुसाबाहेर ज्यांना राहावयास भाग पाडले त्यांच्या वस्तीलाही महारवाडा हेच नाव होते. देशमुखाचे निवासस्थान आणि गावाबाहेरची वस्ती यांना एकाच शब्दाने संबोधणारी ही भाषा निष्काळजी नाही. एका ठिकाणी इतरांना बाहेर ठेवण्यासाठी कुंपण आहे, दुसऱ्या ठिकाणी काहींना वेगळे काढण्यासाठी. दोन्हींचा कर्ता एकच आहे, हे शब्दाने जपून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. परंतु ‘वाडा संस्कृती’वर लिहिणाऱ्या अभ्यासकाने या दुसऱ्या वाड्याचा विचार न करता पहिल्या वाड्याचे वर्णन करणे हे अर्धे वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगण्यासारखे आहे.

‘गढी’ची गोष्ट वेगळी आहे. ‘गढ’ या शब्दाचे हे लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी रूप. मराठीत डोंगरी किल्ल्याला ‘गड’ म्हणतात, ‘गढ’ नव्हे. हिंदीत जेथे ढ आहे तेथे मराठीत ड आढळतो, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत: साढे आणि साडे, अढाई आणि अडीच, डेढ आणि दीड. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. काढणे, वाढणे, ओढणे या धातूंत मराठीने ढ टिकवला आहे. तथापि ‘गड’ आणि ‘गढी’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदत असताना एकात ड आणि दुसऱ्यात ढ असावा, यावरून ‘गढी’ हा शब्द उत्तरेकडील किंवा दख्खनी कारभाराच्या बोलीतून मागाहून आला असावा असे अनुमान करता येते. तेलंगणातील दोरांच्या निवासाला ‘गडी’ म्हणतात ही गोष्टही या अनुमानाला पोषक आहे. म्हणजे एकाच राज्याच्या मराठी आणि तेलुगु भागांत ग्रामीण सत्ताधाऱ्याच्या निवासाला बहुधा एकाच मूळच्या शब्दाची दोन रूपे लागली.

परंतु शब्द बाहेरचा असला तरी वस्तू पूर्णपणे मातीतली आहे, आणि हे अक्षरशः खरे आहे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गढी ही पांढरीच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींनी उभारली जाई. जी माती गावाच्या वस्तीचे नाव आहे तिच्यातूनच सत्तेचे घर उभे राहत असे. चिरेबंदी बांधकाम असले तर ते जोत्यापुरते, दरवाजापुरते किंवा बुरुजाच्या तळाच्या थरांपुरते असे. बाकी भार मातीचाच. त्यामुळे गढीची प्रतिष्ठा सामग्रीच्या दुर्मीळतेवर अवलंबून नव्हती. गरिबाची भिंतही त्याच मातीची होती. फरक होता तो उंचीचा, जाडीचा आणि त्या भिंती उभारण्यासाठी किती माणसांच्या श्रमावर हक्क सांगता येतो, याचा. वेठीची प्रथा ज्या राज्यात दीर्घकाळ चालली तेथे मातीच्या भिंतीची जाडी हे वेठीचेही माप होते.

तिसरा शब्द ‘देवडी’. मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या मुख्य दरवाजाच्या आतल्या बाजूस पहारेकऱ्यांसाठी केलेली बसण्याची जागा. हिंदी-उर्दूतील ‘ड्योढी’चे हे मराठी रूप असून येथे ढचा ड झालेला आहे. हैदराबादेत मात्र देवडी म्हणजे अमीर-उमरावांचा संपूर्ण निवास. सालारजंगांची देवडी, पायगा अमिरांच्या देवड्या अशी नावे तेथे रूढ होती. एकाच शब्दाने एका ठिकाणी पहारेकऱ्याची ओटी आणि दुसऱ्या ठिकाणी महालांचा समूह दर्शवावा, या अर्थभेदाचा उलगडा दरबारी व्यवहारात सापडतो. दरबारी शहरात उमरावाच्या घराशी सामान्य माणसाचा संबंध उंबरठ्यापर्यंतच येई. तो जी जागा पाहत असे तिचेच नाव संपूर्ण घराला लागले. गावात मात्र वतनदाराच्या घराशी लोकांचा संबंध दरवाजाशी संपत नसे. सारा, तंटा, उसनवारी, लग्नकार्य आणि वेठ यांसाठी ते आत, निदान चौकापर्यंत, जात. म्हणून गावात देवडी देवडीच राहिली आणि घराला वेगळे नाव उरले.

३

या शब्दभेदामागे उमरावशाहीचे दोन भिन्न प्रकार आहेत. निजामाच्या राज्यात खालसा मुलखाखेरीज सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागिरी यांखाली मोठा प्रदेश होता. जहागीरदाराचा हक्क मराठवाड्यातल्या गावांवर असला तरी त्याच्या प्रतिष्ठेचे स्थान दरबारात होते. गावात त्याचा असे तो कारभारी, आणि फार तर एक कचेरी. त्याचे निवासस्थान गावाने पाहिलेलेही नसे. उलट देशमुख आणि देशपांडे यांचा हक्क वतनी होता, आणि त्यांचे घर गावातच असणे हा त्या हक्काचाच एक भाग होता.

‘वतन’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. अरबीत आणि तेथून फारसी-उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी, राहण्याचे ठिकाण. मराठीत त्याचा अर्थ झाला वंशपरंपरागत अधिकार. जागेचा वाचक शब्द हक्काचा वाचक बनला, कारण येथल्या व्यवस्थेत ‘मी येथला’ असे सिद्ध करणे आणि ‘हा हक्क माझा’ असे सिद्ध करणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. म्हणून वतनदाराचा वाडा ही केवळ राहण्याची सोय नव्हती. ते त्याच्या दाव्याचे साधन होते.

या भावनेचे बळ किती होते याचे उदाहरण परभणी जिल्ह्यातच सापडते. १४९०मध्ये अहमदनगरची निजामशाही स्थापन करणाऱ्या अहमदाचा पिता मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण असून त्याचे घराणे पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. ‘बहिरी’ हे त्याचे उपनाम बापाच्या ‘भैरव’ या नावाच्या चुकीच्या उच्चारातून पडले, असाही त्याचा वृत्तान्त आहे. पाथरी त्या काळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने दुसऱ्या मुलखाच्या बदल्यात पाथरी मागितली. नकार मिळाल्यावर १५१८मध्ये ती जिंकून घेतली, आणि पुढे तेथले हक्क आपल्या ब्राह्मण नातलगांना दिले. धर्म बदलला, पद बदलले, हाताशी राजधानी आणि महाल होते. तरीही पूर्वजांच्या कुलकर्ण वतनाचे गाव आपल्या अमलाखाली असावे असे एका सुलतानाला वाटले. या कथेमागे लष्करी आणि महसुली हिशेब असतीलच. पाथरी हे पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले, इतके ते महत्त्वाचे होते. परंतु समकालीनांना हे कारण पटण्यासारखे वाटले, एवढेच आपल्या मुद्द्यासाठी पुरेसे आहे. महाल बांधता येतो. वतन बांधता येत नाही, ते असावे लागते.

४

वाड्याच्या अंतर्भागातील शब्दांकडे वळल्यास आणखी एक व्यवस्था दिसते. बाहेरून आत जाताना क्रमाने भेटणारे शब्द असे: बुरूज, नगारखाना, दरवाजा, देवडी, ढेलज किंवा ढाळज, कचेरी, दप्तर, दिवाणखाना. यांतील बहुतेक शब्द अरबी-फारसी आहेत किंवा राज्यकारभाराच्या भाषेतून आले आहेत. ढेलजेचा संबंधही फारसी ‘दहलीज’शी जोडला जातो. चौक ओलांडला की भाषा बदलते: ओसरी, माजघर, देवघर, बळद, न्हाणी, परस, आड. हे शब्द देशी किंवा प्राकृतोद्भव आहेत. माजघर तर सरळ ‘मध्यगृहा’चे रूप. म्हणजे वाड्याच्या दर्शनी भागाला दरबाराची भाषा आणि चुलीकडील भागाला घराची भाषा अशी विभागणी आहे, आणि चौक हा त्या दोन भाषांमधील सीमा आहे. वतनदाराची ओळख दुहेरी होती. सत्तेपुढे तो तिचा प्रतिनिधी होता आणि गावापुढे तो गावाचा मुख्य होता. ही दुहेरी ओळख त्याच्या घराच्या शब्दसंग्रहातच रेखलेली आहे.

या विभागणीला अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काही मराठा देशमुख घराण्यांत आतल्या भागालाही ‘जनाना’ किंवा ‘जनानखाना’ म्हणत. जेथे हा शब्द आहे तेथे बहुधा गोषाही आहे. येथे दरबारी शब्द चौक ओलांडून आत गेला आहे आणि त्याच्याबरोबर दरबारी मर्यादाही गेली आहे. घरातील स्त्रियांचे न दिसणे हे प्रतिष्ठेचे चिन्ह मानले गेले. ज्यांना शेतावर राबल्यावाचून गत्यंतर नव्हते त्या स्त्रियांना हे चिन्ह उपलब्धच नव्हते. अशा रीतीने निवासाची रचना ही कुळाच्या प्रतिष्ठेचा भार कोणावर टाकावयाचा हेही ठरवीत असे. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण वाड्यांत ‘जनाना’ शब्द सहसा नव्हता. तेथे सोवळ्या-ओवळ्याने तेच काम केले. शब्द वेगळा असला तरी रेषा तेथेही होती.

शब्दांइतकेच विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये बोलकी असतात. घरातला माणूस ‘वाड्यात’ असतो. गावकरी ‘वाड्यावर’ जातो. ‘गढीवर बोलावलंय’ हे वाक्य आणि ‘घरी बोलावलंय’ हे वाक्य यांतील अंतर केवळ निवासाच्या प्रकाराचे नाही. पहिल्यात बोलावणारा कोण हे सांगण्याची गरज नाही आणि नाही म्हणण्याची सोयही नाही. गढी उंचवट्यावर असल्यामुळे ‘वर’ हे अव्यय मूळचे स्थलवाचकच असणार. परंतु सपाट जागेवरील वाड्यालाही ते लागले तेव्हा त्याचा अर्थ दर्जाचा झाला होता. गावकरी ज्या अर्थाने ‘चावडीवर’ किंवा ‘ठाण्यावर’ जातो त्याच अर्थाने तो ‘वाड्यावर’ जात असे. ‘वाड्याचा निरोप आला’, ‘गढीनं सांगितलं’ या प्रयोगांत तर वास्तूच कर्ता झाली आहे. व्यक्ती बदलते, वास्तू बोलत राहते. वतनाचा सातत्याचा दावा व्याकरणाने यापेक्षा पूर्णपणे मान्य करणे शक्य नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, अधिकार आणि निवास हे सदैव बरोबरीने चालले. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी झाली. महसूल गोळा करण्याचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे गेले आणि देशमुख-देशपांड्यांना त्याबद्दल रुसूम मिळू लागला. पैनगंगेपलीकडील वऱ्हाड १८५३मध्ये इंग्रजांकडे गेला होता. तेथेही वतनदारांचे महसुली काम याच सुमारास संपले. म्हणजे वाड्याला ज्यामुळे अर्थ होता ते पद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच गेले. वाडा मात्र राहिला, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षे राहिला.

या काळात निवासाच्या कार्यात मूलभूत बदल झाला. गढी हे साधन होते: धान्य साठविण्याचे, दप्तर राखण्याचे, लुटारूंपासून बचाव करण्याचे. पद गेल्यानंतरचा वाडा हे चिन्ह झाले. जंग्या असलेल्या आंधळ्या भिंतीची जागा खिडक्या, सज्जे आणि कोरीव महिरपी असलेल्या दर्शनी भागाने घेतली. १९००च्या सुमारास मनमाडहून येणारा रेल्वेमार्ग सेलू, मानवत रोड, परभणी आणि पूर्णा येथून गेला, तेव्हा काचसामान, लोखंडी कठडे आणि सागवान आणणे सोपे झाले. वाड्याची सजावट अधिकाराच्या वाढीबरोबर वाढली असे मानण्याची पद्धत आहे. या परिसरापुरते तरी ते उलटे आहे. जो प्रत्यक्ष सारा वसूल करतो त्याला आपण कोण हे खांबांवर कोरून सांगावे लागत नाही. हे सांगण्याची गरज अधिकार ओसरल्यावर निर्माण होते. आज ज्यांना वतनदारीच्या वैभवाची स्मारके म्हणून दाखविले जाते त्यांपैकी अनेक वाडे वतनदारीच्या उतरणीवर बांधलेले आहेत, हे विसरता कामा नये.

६

मराठी साहित्यात या अवस्थेचे सर्वांत समर्थ चित्रण महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात आहे. १९८५मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. त्यातील धरणगावकर देशपांडे विदर्भातले आहेत. तरी पैनगंगेच्या अलीकडच्या वाचकाला ते परके वाटत नाहीत, याचे कारण वर सांगितलेला समान इतिहास होय. तात्याजींच्या मृत्यूनंतर तेरवीला गावजेवण घालावयाचे की नाही हा प्रश्न त्या घरात खर्चाचा म्हणून सुटू शकत नाही, कारण तो ओळखीचा प्रश्न आहे. ज्या घराने गावाला जेवू घातले नाही ते वाडा राहत नाही, ते नुसते घर होते. अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर आणि आत जपलेले सोने या दोन वस्तूंत त्या कुटुंबाची कोंडी सामावली आहे. उत्पादनाचे साधन निकामी झाले आहे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह मोडवत नाही.

या नाटकाच्या शीर्षकाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. मराठीचा सहज शब्दक्रम ‘चिरेबंदी वाडा’ असा आहे. विशेषण मागे टाकल्याने ते विधेयासारखे उभे राहते. ‘वाडा चिरेबंदी आहे’ असे कोणीतरी ठासून सांगत असल्याचा भास होतो. जे उघड आहे ते ठासून सांगावे लागत नाही. शीर्षकातील हा क्रम म्हणजे त्या कुटुंबाचाच दावा आहे, आणि नाटक त्या दाव्याची तपासणी करते. बोलीच्या योजनेतही हेच दिसते. घरातल्यांची वऱ्हाडी वळणाची मराठी आणि मुंबईहून आलेल्या अंजलीची प्रमाण मराठी यांच्या शेजारामुळे वाड्याची भाषा प्रथमच ‘बोली’ ठरते. जी भाषा गावाला आज्ञा देत होती ती शहराच्या कानाला गावंढळ वाटावी, याहून स्पष्ट असे प्रतिष्ठानाशाचे चिन्ह दुसरे नाही.

तथापि या नाटकाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. त्यातील वाडा आतून पाहिलेला आहे. ‘वाड्यात’ असणाऱ्यांचे दुःख त्यात अपूर्व सामर्थ्याने आले आहे; ‘वाड्यावर’ येणाऱ्यांचा आवाज मात्र पार्श्वभूमीलाच राहतो. हा नाटककाराचा दोष म्हणता येणार नाही. कौटुंबिक नाटकाची ती रचनागत अट आहे. परंतु याच नाटकाला वाड्याचे संपूर्ण सत्य मानून समीक्षा थांबते, तेव्हा तो दोष समीक्षेचा असतो. वतनदारी निवासाचा अर्थ ज्यांनी पिढ्यान् पिढ्या देवडीबाहेर उभे राहून वाचला त्यांचे वाचन दलित आणि ग्रामीण आत्मकथनांत विखुरलेले आहे. ते या नाटकाशेजारी ठेवून वाचल्याशिवाय ‘वाडा’ या शब्दाची दोन्ही टोके हाती येत नाहीत.

७

सप्टेंबर १९४८मध्ये निजामी राजवट संपली. १९४९मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५०मध्ये कूळ कायदा आला, आणि त्यानंतर इनामेही गेली. हैदराबादेतील देवड्यांचा आणि परभणीकडील गढ्यांचा आधार एकाच दशकात सुटला; परंतु त्यांचा शेवट सारखा झाला नाही. देवड्यांच्या जागा शहराच्या वाढत्या किमतीत विकल्या आणि विभागल्या गेल्या. गढ्या पावसाने आणि लोकांनी नेल्या. धाब्याच्या घरावर दर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, आणि पडीक गढीची माती त्याला उत्तम. ज्या पांढरीतून गढी उभी राहिली तीच पांढरी टोपल्याटोपल्यांनी गावाच्या छपरांवर परत गेली. स्मरणरंजनपर लेखनात याचा उल्लेख नासधूस म्हणून येतो. ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमाने ती माती वर चढली त्यांच्या बाजूने पाहिल्यास त्याला परतफेड असेही म्हणता येईल. अभ्यासकाने यांपैकी एकच शब्द निवडण्याची घाई करू नये. पण दुसरा शब्द उपलब्ध आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

या विवेचनातून अभ्यासाची एक दिशा सूचित होते. उरलेल्या वास्तूंची मोजमापे आणि छायाचित्रे घेण्याचे काम चालू राहावेच. त्याबरोबर प्रत्येक गावी घराच्या भागांची नावे घरातल्यांकडून आणि बाहेरच्यांकडून वेगवेगळी नोंदविली पाहिजेत. एकाच जागेला मालक ‘ढेलज’ म्हणतो आणि तेथे तासन् तास ताटकळलेल्याचा नातू काय म्हणतो, हे दोन्ही एकाच पानावर आले तर कोशांतील आजच्या एकेरी अर्थांना दुसरी बाजू मिळेल. धाबी जाऊन सिमेंटची छपरे आली आहेत, आणि ‘वाड्यावर’ हे रूप ज्यांच्या तोंडी सहज येते ती पिढी वृद्ध झाली आहे. हे काम पुढील काही वर्षांतच होऊ शकेल. भिंती मोजण्यास उशीर झाला तरी जोत्यावरून अंदाज करता येतो. न नोंदविलेल्या शब्दाचे जोते उरत नाही.